बॉयलरच्या मापाचं कडं

१२ मार्च १८४७ रोजी लिव्हरपूलच्या गोदीत एका बॉयलरमधलं मीठ फोडून काढायची मजुरी तीन शिलिंग चार पेन्स होती. मॅलकी टिअर्नी हे काम नऊ वर्षं करत होता. म्हणजे वाफेची जहाजं अटलांटिक ओलांडू लागली तेव्हापासून. बॉयलरमध्ये समुद्राचंच पाणी उकळायचं. न्यूयॉर्कला जाऊन परत येईपर्यंत आत बोटभर जाड मिठाचा थर धरे. तो फोडायला आत माणूस लागे, आणि आत जायचं भोक लांबीला सोळा इंच, रुंदीला बारा.

मॅलकीच्या घरी खिळ्याला त्याच मापाचं लोखंडी कडं टांगलेलं होतं. बायकोने, ऑनरने, ते पिंपाच्या पट्टीचं वाकवून घेतलं होतं. दर रविवारी मॅलकीने त्यातून अंग काढून दाखवायचं, मगच ताटात बटाटे पडत.

"खांदा अडला बघ," ऑनर म्हणायची. "खा पोटभर, आणि मग भाडं त्या पोटाकडूनच माग."

"अगं, ते हाड आहे. हाड कसं वाळवू?"

"बाकीचं वाळव. हाडाचं मी बघते."

आदल्या हंगामात आयर्लंडात पुन्हा बटाटा कुजला होता. बोटी भरभरून उपाशी माणसं धक्क्यावर उतरत होती. सोमवारी मुख्य इंजिनिअर गिलक्रिस्टने मॅलकीला त्यांच्याकडे बोट करून दाखवलं.

"ते बघ, म्हाताऱ्या. एका शिलिंगात जातील, आणि तुझ्यासारखे कुठे घासणारही नाहीत. शुक्रवारी भोकात अडलास, तर पुन्हा तोंड दाखवू नकोस."

"नाही अडणार, साहेब."

त्या दिवसापासून ऑनरने चूल पेटवली ती फक्त स्वतःसाठी. गुरुवारी मॅलकी कड्यातून निघाला, पण कंबरेशी खरचटून. ऑनरने त्याच्या पोटरीवर बोट दाबलं. खड्डा पडला आणि तसाच राहिला.

"चोरून खातोस होय रे?"

"देवाशपथ नाही."

"मग हे काय, हवेने फुगलास?"

उपाशी माणूस आधी वाळतो आणि मग सुजतो. आयर्लंडात, गावाकडे, दोघांनीही हे पाहिलं होतं. पण त्या वेळी दोघांनाही ते आठवलं नाही.

शुक्रवारी पहाटे मॅलकी श्वास सोडून आत उतरला. बॉयलर पुरता निवाला नव्हता. दिवसभर त्याने हातोडी चालवली, मीठ बादल्यांनी बाहेर दिलं. एक कोपरा उरला असताना त्याचे हात चालेनात, म्हणून तो बाहेर यायला निघाला. डोकं आलं, खांदे आले, आणि कंबर अडकली.

"मी सांगितलं नव्हतं?" गिलक्रिस्ट म्हणाला. "सातच्या भरतीला जहाज सुटायचंय. चरबी आणा."

शेरभर चरबी चोपडून चौघांनी त्याला दोरीने ओढला. आधी कंबरेचं हाड मोडलं, मग तो निघाला. त्याच भोकातून धक्क्यावरचा एक माणूस खाली उतरला आणि त्याने तो कोपरा फोडला. एक शिलिंग घेऊन तो गेला.

मॅलकी नऊ दिवस जगला. रोज खायला मागत होता, आणि आता ऑनर देत होती. दुसऱ्या आठवड्यात ती मजुरी मागायला गेली. कारकुनाने वही उघडून सांगितलं, काम अर्धवट राहिलं, तेव्हा मजुरी नाही.

चरबीचे पाच पेन्स टिअर्नीच्या नावावर अजून बाकी आहेत.