मालकाच्या रकान्यातली आडवी रेघ

आमच्या घरातली मांजरी कुणाचीच नव्हती. उमरखेडच्या आमच्या घरात ती तीन वर्षं राहिली, रोज दूध प्यायली, सोफ्याचा एक हात ओरबाडून आतला कापूस बाहेर काढला, तरी कुणी विचारलं की आम्ही एका सुरात सांगायचो, "अहो, येते कुठून तरी." नवरा सकाळी पिशवी फोडून पहिलं दूध तिच्या वाटीत ओतायचा आणि म्हणायचा, कालचं उरलेलं होतं. मी तिला मांडीवर घेऊन पेपर तपासायचे आणि म्हणायचे, तीच येऊन बसते, मी काय करू.

सगळ्यात कडक धोरण मामाजींचं, म्हणजे माझ्या सासऱ्यांचं. तहसील कचेरीतून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालेला माणूस. घरात ते नुसतं बोलले तरी परिपत्रक निघाल्यासारखं वाटतं. "ते जनावर माह्या खोलीत दिसलं नाही पाह्यजे," असं त्यांनी पहिल्याच दिवशी जाहीर केलं होतं. दिसायचंही नाही, कारण दुपारचं जेवण झालं की ते दार लावून घ्यायचे आणि आत तासभर मोठ्याने वर्तमानपत्र वाचायचे. कापसाचे भाव, धरणातलं पाणी, कुणाच्या तेरवीची सूचना, सगळं. सासूबाई गेल्यापासूनची ही सवय. एकटं पडलेलं माणूस स्वतःशी बोलतं, असं समजून आम्ही टीव्हीचा आवाज कमी करायचो.

मार्चमध्ये माझ्या मनगटावर एक लाल गोल उठला. मी ज्युनिअर कॉलेजात जीवशास्त्र शिकवते. बुरशीचा धडा तर मी असा रंगवते की शेवटच्या बाकावरची मुलंसुद्धा जागी राहतात. आणि या विदुषीने काय केलं? मेडिकलवाल्याला हात दाखवला, त्याने काढून दिलेली ट्यूब लावली. चार दिवसांत खाज थांबली, मी खूश. पंधरा दिवसांनी तो गोल परत आला, तो भावंडं घेऊनच. मग मी पूर्ण बाह्यांचे ब्लाऊज बाहेर काढले.

नवऱ्याच्या मानेवरही काहीतरी होतं. तो म्हणायचा, कॉलर घासते. आणि एप्रिलच्या उन्हात, आमच्याकडच्या माणसाला अंगात बनियनसुद्धा नको वाटतं तेव्हा, मामाजी घरात शर्टाची सगळी बटणं लावून बसू लागले. कुणी कुणाला काही विचारलं नाही. सुशिक्षित घर आहे आमचं.

त्यात नणंदेचा फोन आला. बाळंतपणाला ती आमच्याकडे येणार होती, तीन महिन्यांनी. फोन ठेवला तेव्हा मांजरी समोर बसून कान खाजवत होती. कानामागचं टक्कल मी कितीतरी दिवस पाहत होते, पण त्या दिवशी ते जवळ जाऊन नीट पाहिलं. तान्ह्या बाळाच्या अंगावर हे उठलं तर?

दुसऱ्याच दिवशी मी तिला पिशवीत घालून गुरांच्या दवाखान्यात गेले. पुढे एक बैल, मागे दोन शेळ्या, मध्ये मी. कंपाउंडरने रजिस्टर उघडलं.

"मालकाचं नाव?"

"आमची नाही हो. येते कुठून तरी. शेजारची समजा."

त्याने त्या रकान्यात आडवी रेघ मारली.

डॉक्टरांनी मांजरीचा कान पाहिला, मग चष्म्यावरून माझं मनगट पाहिलं. "शेजारच्या मांजरीचं गजकर्ण तुमच्या हातावर कसं काय आलं, मॅडम?"

मी पदर हातावर ओढला. त्यांनी विचारलं, "रेबीजची लस दिली का हिला?" नव्हती दिली. "जंताचं औषध?" तेही नाही. "घरी स्कूटी आहे? तिचं सर्व्हिसिंग?" वेळच्या वेळी करतो, असं मी उत्साहाने सांगितलं आणि मग पिशवीचे बंद नीट करू लागले.

त्यांनी लस टोचली, मांजरीला धुवायचं औषध दिलं आणि पोटात द्यायचंही. ती बरी होईपर्यंत एका खोलीत ठेवा, अंथरुणं गरम पाण्यात धुवा, झडलेले केस रोज झाडून काढा. माझी ट्यूब पाहून म्हणाले, "हे फेका. यानं खाज दबते अन् बुरशी आत मजेत वाढते. कातडीच्या डॉक्टरले दाखवा. अन् घरातल्या सगळ्यांनी एकाच वेळी औषध घ्या. एक जण जरी राह्यला तरी माणसाचं मांजरीले अन् मांजरीचं माणसाले, हे फिरतच राहीन."

त्या संध्याकाळी मी बाही वर केली. नवऱ्याने कॉलर खाली केली. मग आम्ही दोघांनी मामाजींकडे पाहिलं.

"मले काय धाड भरली?" ते कडाडले. "मी त्या जनावराले कधी हात लावतो का? तुम्हीच लाडावून ठेवलं, आता भोगा."

आम्ही भोगलं. सहा आठवडे औषधं घेतली, चादरी उकळल्या. मांजरी मागच्या खोलीत बंद. आश्चर्य म्हणजे त्या खोलीची कडी दुपारी आपोआप निघायची. नवऱ्याला वाटायचं मी काढते, मला वाटायचं तो काढतो. आमची दोघांची कातडी स्वच्छ झाली, मांजरीच्या कानावर लव आली, आणि त्याच आठवड्यात तिच्या पंजावर नवा गोल निघाला.

नवऱ्याने निकाल दिला. मांजरीला फुलसावंगीला त्याच्या मावसभावाच्या शेतावर पाठवायचं. बाळ येईपर्यंत वाट बघत बसता येणार नाही, आणि त्याचं चुकत नव्हतं. मामाजी म्हणाले, "मी तं पहिल्या दिवसापासून हेच सांगून राह्यलो. मीच नेऊन टाकतो." त्या रात्री ते एकच पोळी जेवले.

सकाळी पिशवी त्यांनी स्वतः उचलली. मी बसस्टँडपर्यंत सोबत निघाले. पिशवीतून बारीक ओरडणं येत होतं आणि ते दर दहा पावलांनी पिशवी या हातातून त्या हातात घेत होते. चौकात ते थांबले.

"सूनबाई, त्या मावसभावाची तिथं दोन लेकरं हायेत. तेहीले होईन ना हे?"

"होईल," मी म्हटलं. खरं तर ते माझ्या मनातही आलं नव्हतं, जीवशास्त्र शिकवत असूनसुद्धा.

"मंग असं कसं पाठवून राह्यले तुम्ही लोक?" असं मलाच रागावून ते बसस्टँडकडे पाठ करून गुरांच्या दवाखान्याच्या रस्त्याला लागले.

रांगेत उभं राहिल्यावर आमची पाळी आली. कंपाउंडरने पेन उचललं. "मालकाचं नाव?"

मी सवयीने तोंड उघडलं. मामाजींनी हात करून मला थांबवलं.

"लिहा," ते म्हणाले, आणि स्वतःचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव, त्यापुढे सेवानिवृत्त अव्वल कारकून, असं सावकाश सांगितलं. मग डॉक्टरांसमोर जाऊन त्यांनी शर्टाची बटणं एकेक करून सोडली, बनियन वर केली. पोटावर गोलच गोल होते, एक मांजर झोपेल बरोब्बर तेवढ्या जागेत.

"दुपारी हितं निजते," ते खाली बघत म्हणाले. "पेपर आयकते."

मला हसू आवरेना आणि रडूही आवरेना. डॉक्टर हसले नाहीत. नणंदेच्या बाळंतपणाचं मी त्यांना पहिल्या भेटीतच सांगितलं होतं. ते म्हणाले, "काका, आजच कातडीच्या डॉक्टरकडे जा. बाळ यायले अजून सहा आठवडे हायेत, पुरतात. पण तोवर पेपर दाराबाहेरून वाचायचा."

मामाजींनी मान हलवली. निघताना ते परत कंपाउंडरच्या टेबलाशी गेले. त्यांनी रजिस्टर आपल्याकडे फिरवलं, मागची पानं उलटून माझ्या पहिल्या भेटीची ओळ शोधली, आणि खिशातलं पेन काढून मालकाच्या रकान्यातल्या त्या आडव्या रेघेवर आपलं नाव लिहिलं. शेजारी, दुरुस्ती केल्यावर करतात तशी, छोटी सही केली.