मिरची चाखणारी यशोदाबाई

मेहरूण तलावाच्या बाजूला हिलाल आचाऱ्याचं घर कुणालाही विचारा, लहान पोरसुद्धा दारापर्यंत आणून सोडेल. यशोदाबाईचं घर विचारलंत तर मात्र 'कोण यशोदाबाई?' हाच प्रश्न परत मिळेल. हिलालची बायको, एवढीच तिची ओळख. शिंदखेड्याकडची ही जोडी जळगावात आली त्याला आता बराच काळ लोटला. हिलालच्या हाताला भरिताची चव होती. थंडी पडली की खानदेशातल्या माणसाला भरिताचं वेड लागतं, मळ्यामळ्यात पंगती उठतात, आणि मग हिलालला धुळ्यापासून बोलावणी यायची. खाणारे बोटं चाटत त्याचं नाव घ्यायचे. धुराने डोळे चोळत शेकडो वांगी सोलणाऱ्या बाईचं नाव कुणी घेत नाही. आपल्याकडे तशी रीतच नाही.

भरिताची सगळी मदार मिरचीवर असते. एका पोत्यातली हिरवी मिरची जाळ काढते, दुसऱ्यातली नुसती पाणी. म्हणून चूल पेटण्याआधी यजमान मिरचीची टोपली आचाऱ्यापुढे ठेवतो. आचारी त्यातली एक उचलून सगळ्यांसमोर कचकन चावतो आणि किती मिरची घालायची ते सांगतो. हिलाल तर दोन-दोन मिरच्या चावायचा, डोळ्यांत पाण्याचा टिपूस येऊ द्यायचा नाही. लोक ते बघायलाच लवकर यायचे. त्याच्या नावाचा अर्धा दबदबा त्या दोन मिरच्यांवर होता.

आणि याच माणसाच्या छातीत जळजळ सुरू झाली होती. होणार नाही तर काय? पंगत असली की दिवसभर पोटात काळ्या चहाशिवाय काही नाही, शेवटी सगळं आवरल्यावर भरपेट खायचं आणि टेम्पोत आडवं व्हायचं. छातीच्या मधोमध आग उठायची, आंबट पाणी घशाशी यायचं. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि मिरची, तंबाखू सोडायला सांगितलं. तंबाखू त्याने सोडली. मिरची कशी सोडणार? मिरची न सोसणाऱ्या भरिताच्या आचाऱ्याला पंगत कोण देईल?

"कोनले सांगू नको," तो बायकोला म्हणाला. गयावया करणारा हिलाल तिने तेव्हा पहिल्यांदा पाहिला. वाट तिनेच काढली. मिरची आपण चाखायची.

तेव्हापासून टोपली पुढे आली की हिलाल मिरची तोंडात धरायचा, चावल्यासारखं करायचा आणि चुलीकडे वळला की थुंकून टाकायचा. देठं खुडायला बसलेली यशोदाबाई त्याच टोपलीतली मिरची खरोखर चावायची आणि तेल पुढे करताना हळूच प्रमाण सांगायची. मीठही तिचंच, लसूणही तिचाच. वर्षभर लोकांनी हिलालची वाहवा केली ती सगळी तिच्या जिभेची होती, आणि त्याची कुणाला कानोकान खबर नव्हती. तिला त्याचं वाईटही वाटत नव्हतं. नवऱ्याचं नाव राहिलं, घर चाललं, आणखी काय हवं होतं?

पण या हिवाळ्यात काहीतरी बदललं. भाजलेली वांगी बडगीत, म्हणजे त्या मोठ्या लाकडी भांड्यात घालून हिलाल दांडक्याने कुटायला लागला की मध्येच थांबायचा. घाम पुसल्याचं निमित्त करायचा. चेहरा राखेसारखा व्हायचा. जरा टेकला की पुन्हा ठीक. यशोदाबाई लगेच थंड दूध द्यायची, ओवा द्यायची, पित्ताच्या गुलाबी औषधाचं झाकण उघडायची. एकदा तिच्या मनात आलंही होतं, की यांनी आज सकाळपासून काही खाल्लेलं नाही, मिरचीला तोंड लावलेलं नाही, मग जळजळ कशाची? तिने विचारलं तर तो म्हणाला, "नेहमीनंच शे." तिने मान डोलावली. नेहमीच्या दुखण्याची माणसाला सवय होते, आणि त्या सवयीआड दुसरं दुखणं खुशाल घरात शिरून बसतं. हिलाल ते अंगावर काढत राहिला, आणि ती दूध ओतत राहिली.

त्या दिवशी रुपचंदभाऊंच्या मळ्यात पंगत होती. हे जळगावातले केळीचे व्यापारी, माणूस दिलदार. शिरसोलीच्या वाटेवरचा मळा, भरदुपार, कपाशीच्या काड्यांवर वांगी भाजून झालेली. हिलालने दांडकं उचललं, थोडं कुटलं आणि ते हातातून सुटलं. तो बडगीच्या काठाला धरून खाली बसला. यशोदाबाईने धावत दुधाचा पेला आणला. त्याने तो घेतला, पण दूध आत गेलं तरी चेहरा उतरलेलाच. थंडीत त्याचा सदरा घामाने पाठीला चिकटला होता. डाव्या हाताने तो जबडा चोळत होता.

"जयजय शे का?" तिने नेहमीच्या जळजळीचं विचारलं.

"नही... कोनी तरी छातीवर बठेल शे असं वाटस."

हे त्याने याआधी कधी म्हटलं नव्हतं.

तेवढ्यात झुलाल नावाचा एक जुना पंगतबहाद्दर ओरडला, "अरे, आचारीलेच मिरची लागनी रे!" सगळा मळा हसला. थट्टाच ती, त्यात वैर नव्हतं. पण हिलालच्या ती काळजाला लागली. वर्षभर ज्याची भीती होती तेच शब्द चारचौघांत कानावर आले होते. तो धडपडत उठला. "माले लागनी? माले?" म्हणाला, आणि टोपलीतल्या मूठभर मिरच्या तोंडात कोंबून, सगळ्यांकडे बघत, त्याने त्या खरोखर चावल्या. लोकांनी टाळ्या वाजवल्या. यशोदाबाई "नको, नको" म्हणत त्याच्या दंडाला लोंबकळली, तिच्याकडे कुणी पाहिलं नाही. हिलाल तसाच जमिनीवर कोसळला.

आता तर सगळ्यांची खात्रीच पटली. मिरचीच ती! एकाने सोडा-लिंबू कालवलं, दुसऱ्याने गूळ आणला, तिसरा तळपाय चोळायला बसला.

"भाऊ, गाडी काढा! दवाखान्यात न्या यांना!" यशोदाबाई रुपचंदभाऊंच्या पायाशी आली.

"अक्का, घाबरू नका," रुपचंदभाऊ समजुतीने म्हणाले. "पित्त उसळलंय. एवढ्या मिरच्या खाल्ल्यावर दुसरं काय होणार? ओकारी झाली की बरं वाटेल."

ती याच्याकडून त्याच्याकडे धावली. जो तो तिला धीर देत होता आणि जागचा कुणी हलत नव्हता. हिलालचे ओठ निळसर पडत चालले होते. एक वाक्य तिच्या जिभेवर होतं. ते बोललं तर हे लोक हलतील, आणि ते बोललं तर हिलाल आचारी संपला. तिने नवऱ्याकडे पाहिलं. तिच्या मनात काय आहे ते त्याला कळलं होतं. तो मान हलवून नाही, नाही म्हणत होता.

"मिरची नही शे ती!" ती किंचाळली. "मिरची आते चावी, त्याना आधीच यासले दुखी ऱ्हायनं व्हतं! वरीसभर यासनी मिरची चाखेल नही. मी चाखस! बठ्ठं भरीत मन्हा तोंडनं शे! हाई दुसरंच काही शे, भाऊ, हात जोडस मी, गाडी काढा!"

रुपचंदभाऊंच्या कपाळावर आठी पडली. मिरची नाही तर मग काय, हा प्रश्न त्यांना तेव्हा पडला आणि पुढच्या क्षणी ते किल्ली घेऊन धावले. हिलालने डोळे मिटून घेतले.

गाडीत त्याचं डोकं तिच्या मांडीवर होतं. "कानबाई माय, वाचाड, माय," एवढंच ती देवीला म्हणत होती. समोर उसाची ट्रॉली आडवी आली तेव्हा खाली उतरून ती हातांनी ढकलावी असं तिला वाटलं.

दवाखान्यात छातीला वायरी लावून ईसीजीची पट्टी काढली. हार्ट अटॅक, आणि मोठा. रक्ताची नळी बंद पडली होती, ती उघडायला त्याला आत नेलं. बाहेर आल्यावर डॉक्टरीणबाईंनी यशोदाबाईला विचारलं, हे कधीपासून होतं? ती दिवाळीपासूनचं सगळं सांगत गेली, दूध, ओवा, गुलाबी औषध. मग बाई म्हणाल्या, "पित्त त्यांना होतंच, ते खोटं नाही. पण काम केलं की छाती आवळायची आणि बसलं की थांबायची ना? ते हृदयाचं होतं. दोन्ही एकाच जागी दुखतं, बाई. पट्टी काढल्याशिवाय आम्हालासुद्धा खात्रीने सांगता येत नाही. घरी अंदाज करत बसायचं नसतं."

"मी दूध दिधं," यशोदाबाई म्हणाली. "आज बी पहिलं दूधच दिधं."

बाईंनी तिच्या खांद्यावर हात ठेवला. नळी उघडली आहे, म्हणाल्या, पण हृदयाचा बराच भाग दुबळा झालाय, अजून काही सांगता येत नाही. यशोदाबाईला रडूही येईना. ज्या तोंडाला मिरचीतला एवढासा फरक कळत होता त्या तोंडाने, नवऱ्याचा जीव जात असताना, 'नेहमीचंच आहे' हे मान्य केलं होतं. ती स्वतःला शिव्या देत त्या बाकावर बसून राहिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिला आत सोडलं. हिलाल नळ्यांमध्ये पडलेला होता, एवढासा दिसत होता. ती जवळ गेली तसे त्याने डोळे उघडले. तिला वाटलं, पाणी मागेल, घरचं विचारेल.

"कसाले सांगं तू लोकेसले?" तो म्हणाला.

आवाज जेमतेम फुटत होता, पण राग त्यात पुरता होता. मग त्याने तोंड भिंतीकडे फिरवलं. आजवर कितीही भांडण झालं तरी त्याने कधी असं तोंड फिरवलं नव्हतं.

यशोदाबाईने त्याच्या पायावर हात ठेवला. पाय थंडगार होता.

"कितला बी रागे भरा," ती म्हणाली. "जलमभर बोलू नका मन्हासंगे. पन जित्ता ऱ्हा."

त्याने मान वळवली नाही. सिस्टर दोनदा म्हणाली, बाई, बस झालं, बाहेर या. तरी तिचा हात त्याच्या पायावरून निघेना.