पिशवीतल्या शेंगा

"तुला कसं कळलं?" असं विचारताना मॅडम चष्मा काढून पदरानं पुसायच्या. मुरुम गावच्या कॉलेजात त्या आम्हाला वनस्पतिशास्त्र शिकवायच्या. बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला मी तोऱ्यात सांगितलं होतं, की मधमाशी आली नाही तर तुरीला शेंग धरत नाही. पुस्तकात असं लिहिलंय का, त्यांनी विचारलं. नव्हतं. असावं असं मला वाटत होतं. एवढ्याच भांडवलावर मी तोवर हुशार समजला जायचो, म्हणजे माझ्याकडून.

"मग बघून ये," त्या म्हणाल्या.

संशोधन म्हणजे पांढरा कोट, अशी माझी समजूत. वाट्याला आली आमच्याच रानातली तूर आणि मच्छरदाणीच्या कापडाच्या पिशव्या. काही फांद्यांच्या कळ्यांवर त्या बांधायच्या, म्हणजे आत माशी शिरणार नाही. बाकीच्या फांद्या उघड्या. शेजारच्या शिवारातल्या एक आजी बराच वेळ बघत उभ्या राहिल्या आणि हळूच म्हणाल्या, "नवस कुठल्या देवाचा हाय, बाळा?" मी त्यांना परागीभवन समजावून सांगितलं. जाताना त्यांनी पिशवीला हात जोडले.

काही आठवड्यांनी पिशव्या सोडल्या, तर आत शेंगा. उघड्या फांद्यांपेक्षा कमी, पण शेंगाच. पडलेल्या तोंडानं मॅडमकडं गेलो आणि प्रयोग वाया गेला म्हणालो. त्यांना एवढं खूश मी कधी पाहिलं नव्हतं; माझ्या मार्कांवर तर नाहीच.

"प्रयोग न्हाय, तुझा अंदाज वाया गेला. आता का गेला ते शोध."

पुढं धाराशिवला विद्यार्थ्यांच्या स्पर्धेत मी हे मांडलं. तुरीचं फूल उमलायच्या आधीच स्वतःच्याच परागांनी आपलं काम बरंचसं उरकून घेतं, इथवर ठीक चाललं. मग परीक्षकांनी विचारलं, उघड्या फांदीला शेंगा जास्त का? मी मॅडमकडं बघितलं. त्या खिडकीबाहेर बघत होत्या.

"माहीत नाही सर," मी म्हणालो. "पण कसं शोधायचं ते सांगतो."

बक्षीस मिळालं नाही. परतीच्या एसटीत मॅडमनी धपाट्यांचा डबा माझ्यापुढं सरकवला.

आज मी मातीपरीक्षण करतो. ठाम काही सांगायच्या आधी नमुना पुन्हा तपासतो. बायको याला संशयी स्वभाव म्हणते.

मॅडमच्या निवृत्तीला मी भाषण पाठ करून गेलो होतो. शाल, नारळ तयार, खुर्ची रिकामी. शोधायला मलाच पाठवलं. मॅडम कॉलेजमागच्या बांधावर, पदर खोचून, दोन पोरींसोबत रुईच्या फुलावर वाकल्या होत्या. मी घसा खाकरला.

"सर, जरा बाजूला व्हा," एक पोरगी मान वर न करता म्हणाली. "फुलावर सावली पडतीय."

मी बाजूला झालो.