मशालचीचा कट-आऊट

एखादं इंजिन उघडून परत बसवलं की हातात दोन-चार नट उरतातच. इंजिन चालू होतं, गाडीही पळते, पण हे नट कुठले ते कुणी सांगत नाही. आमचं संस्थान उघडून मध्य भारतात बसवलं, मग मध्य भारत उघडून मध्य प्रदेशात बसवला. तेव्हा किती नट उरले असतील विचार करा! मी ग्वाल्हेरच्या मोटारखान्यात स्टोअरचा कारकून. उरलेले नट सांभाळणं हीच माझी नोकरी. त्यातले काही आज काढतो. जरा गंजलेत, म्हणून थोडं तेल मी माझ्या पदरचं घातलंय.

* * *

आमचा मोटारखाना कंपू भागात. विलीनीकरणात दरबारच्या ज्या चीजा सरकारकडे आल्या, त्यात एक ट्रेलर होता. ट्रेलर म्हणजे ट्रकच्या मागे जोडायची चाकांवरची कोठी! सागवानी भिंती, दोन पलंग, लिहायचं टेबल, आरसेवालं बाथरूम आणि विजेचे सहा दिवे. पूर्वी तो शिकारीच्या मुक्कामाला जायचा. आता दौऱ्यावरच्या साहेबांसाठी ठेवला होता.

त्या सहा दिव्यांचे धनी तुकोजीकाका मोहिते. विजेचं काम जाणणारा अख्ख्या मोटारखान्यात हा एकच माणूस, पण रजिस्टरात त्यांचा हुद्दा होता 'मशालची'! आजोबा पालखीपुढे मशाल धरून चालायचे. वडिलांच्या हातात गॅसबत्ती आली, काकांच्या हातात बॅटरी आली. हुद्दा तोच राहिला. इतकंच काय, मशालीसाठी महिन्याला दोन शेर गोडं तेलसुद्धा चालू होतं!

मला भोचकपणा फार. एकदा विचारलं, "काका, हे तेल बॅटरीत घालता का हो?"

"बॅटरीत कशाला? तू परवा घरी येऊन शेव खाल्लीस ना बापू? ती मशाल होती!"

हसायला ठीक होतं. पण नव्या राज्यात प्रत्येक जुन्या हुद्द्याला नवा हुद्दा शोधणं चाललं होतं. ज्याचा जोडीदार सापडला नाही, तो घरी. ड्रायव्हरचा ड्रायव्हर झाला, कारकुनाचा कारकून झाला. मशालचीचं काय होणार? काका शेव खायचे थांबले.

* * *

ट्रेलरची बॅटरी उतरली की ती पडाव भागातल्या चार्जिंगवाल्याकडे न्यावी लागे. काका ती टांग्यातून न्यायचे. वर धूळ बसू नये म्हणून काकूंचं जुनं हिरवं लुगडं तिच्याभोवती गुंडाळायचे, आणि टांगा हिसकला की तिला एका हातानं जवळ धरायचे.

टांगा नई सडकेवरून जायचा. दुकानदारांनी काय पाहिलं? मोहिते टांग्यात, शेजारी हिरव्या लुगड्यातलं कुणीतरी, मोहित्यांचा हात तिच्या खांद्यावर! दर पंधरा दिवसांनी! आणि दुसऱ्या दिवशी त्याच टांग्यातून परत!

बातमी काकूंपर्यंत पोहोचायला किती वेळ लागणार? काकू तडक मोटारखान्यात आल्या. काकांनी बॅटरी पुढे केली. काकूंनी लुगडं उलगडलं. बॅटरीतल्या तेजाबानं त्याची पार चाळणी झाली होती.

काकू म्हणाल्या, "बाई असती तर बरं झालं असतं. तिनं निदान लुगडं नेसलं असतं. ही सवत खाऊन राहिलीय!"

* * *

त्या दिवशी काकांनी ठरवलं, बॅटरी पडावला न्यायचीच नाही. ट्रक ट्रेलरला ओढतो, तर चालता चालता त्यानंच तिला चार्ज करावं. ट्रकच्या डायनॅमोतून वायर मागे आणायची, बस! आणि दौऱ्यावर सहाही दिवे रात्रभर लखलखले, तर कोण म्हणेल हा माणूस नको?

मी विचारलं, "मग आजपर्यंत कुणी का नाही केलं?"

"कारण डायनॅमो हलकट असतो. इंजिन चालू आहे तोवर बॅटरीला देतो. इंजिन थांबलं की हाच तिच्याकडून परत ओढायला लागतो. सकाळपर्यंत बॅटरी रिकामी!"

"मग?"

"मध्ये एक डबी बसवायची. कट-आऊट म्हणतात. देताना रस्ता उघडा, घेताना बंद."

आमचा ड्रायव्हर शकूरमियाँ ऐकत होता. तो म्हणाला, "मोहितेजी, ये डिबिया तो विलीनीकरण में लगनी चाहिए थी!"

* * *

आता कट-आऊट मागवायचा म्हणजे हेडबाबू भालेराव यांच्याकडे जाणं आलं. नुकतंच फर्मान आलं होतं की सगळा पत्रव्यवहार शुद्ध हिंदीत करावा. भालेराव घरी मराठी, बाजारात हिंदी आणि कागदावर इंग्रजी. शुद्ध हिंदीची त्यांना धास्ती होती, म्हणून ते ती गरजेपेक्षा जास्त शुद्ध करायचे.

काकांनी लिहून दिलं होतं, 'चार्जिंगसाठी एक कट-आऊट पाहिजे.' भालेरावांनी 'कट' घेतला, 'आऊट' घेतला, चष्मा पुसला आणि लिहिलं, "चार्जिंग शाखा में एक कटौती अत्यावश्यक है।"

तेव्हा राजधानी सहा महिने ग्वाल्हेरला असायची, सहा महिने इंदूरला, आणि फाइल नेमकी दुसऱ्या गावात. पण या कागदाचं उत्तर आठ दिवसांत आलं!

"कर्मचारी घटाने की आपकी पहल सराहनीय है। किसे काटा जाए, नाम भेजें।"

चार्जिंग शाखेत माणूस एकच. भालेराव घाईघाईनं खुलासा लिहायला बसले. मी म्हटलं, "हेडबाबू, आता इंग्रजीत लिहा!" पण त्यांनी तोही शुद्ध हिंदीत लिहिला, आणि त्यात मोहित्यांचं नाव घातलं. त्याचंही उत्तर आलं: "नाम प्राप्त हुआ।"

काकांनी कागद दोनदा वाचला, घडी करून खिशात ठेवला. मला म्हणाले, "बापू, कट-आऊट मागितला आणि स्वतःच कट-आऊट झालो की रे!"

मग गोदामात गेले. दरबारच्या वेळची एक विजेची घंटी पडली होती, तिच्यातली तांब्याची गुंडाळी काढली आणि तीन दिवस बसून कट-आऊट स्वतः बनवला. ट्रक सुरू झाला की डबीत बारीक 'टक्' व्हायचं, बंद झाला की पुन्हा 'टक्'. पहिल्या 'टक्'ला काकांनी डोळे मिटून घेतले. दुसऱ्या 'टक्'नंतर आम्ही घड्याळ लावून बसलो. संध्याकाळपर्यंत एकही दिवा मंद झाला नाही. शकूरमियाँनी डबीला सलाम केला!

* * *

एवढ्यात आमचा ट्रक बदलला. नवा म्हणजे लष्कराच्या लिलावातला. जुना सहा व्होल्टचा, हा बारा. काकांनी कट-आऊटची गुंडाळी पुन्हा भरली, बॅटऱ्या दोन जोडून बारा व्होल्ट केले आणि म्हणाले, "आता बल्ब बदलेपर्यंत बटणाला हात लावू नका."

असं सांगितल्यावर कुणी हात न लावून कसं चालेल? शकूरमियाँनी लावला. सहाही बल्ब क्षणभर असे झळाळले की भालेराव ऑफिसातून ओरडले, "वीज पडली का?" आणि सगळी लाइट चालली गेली.

मी बारा व्होल्टचे सहा बल्ब मागवायची चिठ्ठी दिली. भालेरावांनी बल्बचा अर्थ शब्दकोशात पाहिला आणि शुद्ध हिंदीत लिहिलं, "छह कंद भेजें।" महिन्याभरानं बागखात्याकडून पेटी आली. आत सहा डेलियाचे कंद!

काकांनी ते ट्रेलरशेजारी लावले. फुलं छान आली.

* * *

स्टोअरमध्ये सहा व्होल्टचे सहाच बल्ब उरले होते. काकांनी युक्ती काढली. दोन-दोन बल्ब एकापाठोपाठ एक असे एकाच वायरवर ओवले. बारा व्होल्ट दोघांत निम्मे-निम्मे वाटले गेले. दिवे झकास लागले! खोड एकच. जोडीतला एक विझवला की दुसराही विझायचा. पलंगाची जोडी पलंगाशी जुळली, दारातल्याची आरशावरच्याशी. पण टेबलाच्या दिव्याला जोडीदार मिळाला बाथरूमच्या छतातला.

हे कळलं ते असं. भालेराव टेबलाशी बसून यादी करत होते. शकूरमियाँनी बाथरूममधून बाहेर येताना सवयीनं आतलं बटण बंद केलं. भालेराव अंधारात!

"शकूर! तू आत जा परत!"

"हेडबाबू, अभी तो आया हूँ!"

"काम नसलं तरी जा! मला दोन पानं लिहायचीयत!"

* * *

आणि मग सक्सेनासाहेब आले. हुद्दे जुळवायला. भला माणूस, पण रोज पन्नास हुद्दे निकालात काढून थकलेला. त्यांना द्यायला खोली नव्हती, कारण रिकामी होती त्या एकुलत्या खोलीवर दोन खात्यांचा दावा होता. म्हणून त्यांचं ऑफिस ट्रेलरमध्ये थाटलं. साहेब टेबलाशी, समोर भालेराव. फायली ठेवायला जागा उरली नाही, त्या बाथरूममध्ये लावल्या आणि मागेल ती काढून द्यायला मला आत उभं केलं. काका बाहेर, पायरीपाशी. मेचा महिना, दुपारचे चार.

अचानक धुळीची काळी आँधी उठली. किल्ला दिसेनासा झाला, मग समोरचा लिंबसुद्धा. शकूरमियाँनी खिडक्यांच्या फळ्या लावल्या. आत मिट्ट काळोख झाला, पण टेबलावर आणि माझ्या डोक्यावर मात्र काकांचे दोन बल्ब शांत जळत होते. साहेबांनी वर पाहिलंसुद्धा नाही. दिवा नीट जळत असला की त्याच्याकडे कोण पाहतं?

"अगला?"

भालेरावांचा आवाज बारीक झाला. "तुकोजी मोहिते. मशालची."

"मशालची?" साहेब हसले. "बीसवीं सदी में? और ये तो वही हैं, जिनकी कटौती आपने ख़ुद माँगी थी।"

"सर, वो डिब्बी थी... म्हणजे, यंत्र..."

"बड़े बाबू, मशाल कहाँ है?"

भालेराव चष्मा पुसायला लागले. दाराच्या फटीतून मला साहेबांचं पेन दिसत होतं. लिहिता लिहिता ते मोठ्यानं म्हणत होते, "यह पद... आवश्यक... नहीं है।" आता फक्त सही उरली होती.

आणि लाइट चालली गेली.

बाहेर आँधीचा नुसता घोंघाट. आत कुणाला कुणाचं नाक दिसेना. टेबलावरची दौत कलंडल्याचा आवाज आला.

"बत्ती! अरे, बत्ती किसके ज़िम्मे है?"

भालेराव आयुष्यात पहिल्यांदाच साधं हिंदी वाक्य बोलले. "मशालची के, सर। लेकिन आपने अभी वो पद हटा दिया।"

"दस्तख़त नहीं किए हैं अभी!"

"तो बुलाऊँ, सर?"

"बुलाइए!"

दार उघडलं, धुळीचा लोट आत आला, त्याबरोबर काका. अंधारात त्यांना चाचपडत चालावं लागलं नाही. सरळ टेबलाला वळसा घालून बाथरूमच्या दारापाशी आले आणि बोटाच्या पेरानं दोनदा टकटक केलं.

टेबलावरचा दिवा लागला.

साहेबांनी दिव्याकडे पाहिलं, बंद दाराकडे पाहिलं, मग काकांच्या धुळीनं माखलेल्या मिशांकडे. पेन उचललं आणि लिहिलेल्या ओळीतला एक शब्द खोडला. एकच. मग सही केली.

"मोहितेजी," ते हळूच म्हणाले, "ये आपने किया कैसे?"

काकांनी कमरेत वाकून मुजरा केला.

"ख़ानदानी काम है, हुज़ूर।"