चक्की आधी उतरली पाहिजे

आमच्या घरात गाडी चालवण्याचे दोन पंथ आहेत. माझा पंथ सांगतो की वेळेवर निघा आणि सावकाश जा. नवऱ्याचा पंथ सांगतो की उशिरा निघा आणि भरपाई रस्त्यावर करा. याला तो डिझेल बचत म्हणतो. गाडी लवकर पोचली की इंजिन कमी वेळ चालतं, म्हणजे डिझेल कमी लागतं, असं त्याचं शास्त्र आहे. मोठ्या ट्रकच्या पाठीला चिकटून गेलं की वारा ट्रकच खातो, ही त्याच शास्त्राची पुढची पायरी. माणूस बँकेत आहे, लोक त्याला हिशेबाचं विचारायला येतात.

गेल्या हिवाळ्यात हे शास्त्र माझ्या नणंदेच्या जिवावर उठलं.

नणंद भिवापूरला असते. तिला मिरची दळायची चक्की टाकायची होती आणि त्यासाठी घराची ओसरी हवी होती. त्याच ओसरीवर तिच्या दिराचा मोबाईलच्या दुकानासाठी डोळा होता. दोघांच्या कटकटीला कंटाळून तिच्या सासूनं निकाल दिला: शनिवारी दिवे लागायच्या आत चक्की ओसरीत आली तर ओसरी सुनेची, नाहीतर धाकट्याची. आणि चक्की म्हणजे लक्ष्मी, तेव्हा घरी सामान उतरताना पहिल्यांदा चक्कीच उतरली पाहिजे. या दुसऱ्या अटीवर सासू जास्त ठाम होती.

शनिवारी आम्ही जरीपटक्याच्या बाजारातून चक्की घेतली. सोबत गिऱ्हाइकांसाठी प्लास्टिकच्या खुर्च्या, पिशव्यांचे गठ्ठे आणि दुकानाचा पत्र्याचा बोर्ड. आमच्या जुन्या जीपमागं जोडायला हुडकेश्वरच्या आमच्या शेजाऱ्याची दोनचाकी ट्रॉली आणली होती. त्याचा मंडपाचा धंदा आहे, जनरेटर तो त्याच ट्रॉलीवर नेतो. ट्रॉली देताना त्यानं दोनच गोष्टी सांगितल्या: जड सामान पुढं, जीपकडं ठेवा, आणि पन्नासच्या वर जाऊ नका. मी त्या लिहून घेतल्या. सामान चढवताना मोठ्यानं वाचूनही दाखवल्या.

"मागं ठेवा चक्की, अगदी दाराशी," नणंद म्हणाली. "तिथं गेल्यावर पहिले तेच उतरली पाहिजे."

"अवं, पण वजन पुढं पाहिजे म्हणते तो."

"वहिनी, त्याची सासू भिवापूरले नाही राहत."

नवऱ्यानं बहिणीच्या बाजूनं मत दिलं. दोन विरुद्ध एक. खुर्च्या आणि बोर्ड पुढं गेले, चक्की मागच्या फाळक्याला टेकली. जीपच्या हुकावर ट्रॉलीचा दांडा असा हलका बसला होता की मी एका हातानं उचलून बघितला. नवरा म्हणाला, "पाह्य, किती सोपं झालं."

निघायला अर्थातच उशीर झाला. तो मी इथं कुणाच्या नावावर टाकत नाही. अंघोळीला एवढा वेळ आमच्या घरात एकच माणूस लावतो.

उमरेड रोडला लागल्यावर भरपाई सुरू झाली. नवरा एका कोळशाच्या ट्रकच्या मागं जाऊन चिकटला. ट्रकचा मागचा नंबर मला चष्म्याशिवाय वाचता येत होता.

"यानं ब्रेक मारला तर?"

"तर मी बी मारीन."

"आणि मागची ट्रॉली? तिले ब्रेक कुठं आहे?"

यावर बँकेनं ट्रकलाच ओव्हरटेक करायला घेतलं. जीप ट्रकच्या तोंडाशी आली, बाजूनं वाऱ्याचा धक्का बसला आणि ट्रॉलीनं शेपूट हलवलं. आधी डावीकडं, मग उजवीकडं, मग जीपलाही सोबत घेऊन. मागच्या सीटवरून नणंदेनं पाहिलं तर तिची चक्की खिडकीत दिसत होती, आधी एका, मग दुसऱ्या.

"दादा, चक्की नाचून राहिली ना गा."

त्याचा पाय ब्रेककडे गेला. "ब्रेक दाबू नका," मी म्हटलं. "अॅक्सिलेटर सोडा. स्टिअरिंग सरळ धरा, बस." लग्नानंतर पहिल्यांदा त्यानं माझं एका सांगण्यात ऐकलं. जीप आपोआप मंदावली, ट्रॉलीचं नाचणं कमी होत थांबलं. ट्रकवाला पुढं निघून गेला आणि जाताना आमच्याविषयी चार शब्द बोलला. ते सगळे खरे होते.

चहाच्या टपरीशी गाडी उभी केली. चक्की पुढं घ्यायची, असं मी जाहीर केलं. नणंदेच्या डोळ्यांत पाणी आलं.

"मग खुर्च्या पहिले उतरतीन. सासूबाई दारातच उभ्या राह्यतीन. ओसरी गेली माही."

"चक्की नालीत गेली तर ओसरीत काय ठेवशील? बोर्ड?"

तिनं पदर खोचला. टपरीवरच्या चार लोकांनी हात लावला, चक्की सरकवून चाकांच्या थोडी पुढं घेतली, दोर आवळला. आता दांडा मला दोन हातांनीही उचलेना. बोर्ड आडवा टाकून वर ताडपत्री बांधली आणि स्टिअरिंगवर मी बसले.

पन्नासनं गेले. ट्रॉली असल्याचं विसरायला व्हावं इतकी ती गुमान मागं येत होती. स्कूटरवाले पुढं गेले. एक वऱ्हाडाची बस पुढं गेली. नवरा उन्हाकडे बघत म्हणाला, "याहून तर चालत गेलो असतो." मग डिझेलच्या काट्याकडं बघितलं, आणि पुन्हा एकदा बघितलं. काटा मघापेक्षा आळशीपणानं खाली येत होता. नणंद मागं वळून ट्रॉलीकडंच बघत बसली होती. मला वाटलं, रुसली.

भिवापूरला पोचलो तेव्हा सूर्य झाडांना टेकला होता. सासू कुंकवाचं ताट घेऊन ओसरीवर, बाजूला दीर. मी फाटकातून आत वळवणार तेवढ्यात नणंद म्हणाली, "वहिनी, इथंच थांबा. रस्त्यावर."

खाली उतरून तिनं खुर्च्या रस्त्याच्या कडेला काढल्या. गठ्ठे आणि बोर्ड त्यांच्यावर. मग ट्रॉली जीपपासून सोडायला लावली. आम्ही सगळ्यांनी मिळून ती हातानं ढकलली, दांडा पुढं, फाटकातून थेट ओसरीपर्यंत. तिच्यात आता एकटी चक्की होती. शेजारच्या दोघा-तिघांनी धरून ती ओसरीवर घेतली.

"अन् ते खुर्च्या आधी उतरल्या तं?" दीर म्हणाला.

"त्या घरात कुठं आल्या भाऊजी? त्या तर रोडवरच आहे," नणंद म्हणाली.

सासूनं रस्त्याकडं पाहिलं. खुर्च्यांवर दोन म्हातारे येऊन बसलेही होते. मग तिनं चक्कीला कुंकू लावलं आणि दिराला म्हणाली, "वायर लावून दे."

दिवाबत्तीच्या आत चक्की सुरू झाली. मिरचीच्या पहिल्याच मुठीला ओसरीत कुणी शिंकायचं राहिलं नाही. दीर तर फाटकापर्यंत पळाला. सासू आत गेली आणि स्वतःच्या मिरच्या सुपात भरून आणल्या.

"माह्या पहिले दळ."

नणंदेनं पदरानं नाक पुसलं, रस्त्याकडं बोट केलं.

"खुर्चीवर बसा, सासूबाई. बुढ्यांचा नंबर आधी आहे."