हरण्या मागं का राहिला

आज सकाळी अण्णा गेला. एका कुत्र्याचा दोष जन्मभर स्वतःच्या डोक्यावर घेऊन गेला, आणि तो दोष माझा होता.

कुणी लगेच खाली आरआयपी लिहू नका. आधी पूर्ण वाचा.

अण्णा म्हणजे माझा थोरला भाऊ. तो नांदेडला मुलाकडं होता, मी इकडं लातुरात एकटी. भाचा गाडी पाठवतोय, तोवर हे लिहून राहिले. नातीनं फोनवर बोलून टाइप करायला शिकवलंय. चुकलं तर सांभाळून घ्या.

आमचं गाव देगलूरजवळ. राज्य निजामाचं. अप्पांचं, म्हणजे वडिलांचं, किराणा दुकान होतं. एका धनगरानं जाताजाता अप्पांना कारवानी कुत्र्याचं पिल्लू दिलं. शिकारीची जात. लांब पाय, बारीक कंबर, रंग हरणाचा. म्हणून हरण्या.

ते पिल्लू म्हणजे नुसता वैताग होता बघा.

कोंबड्यांमागं पळायचं, अप्पांच्या चपला फाडायचं, अव्वाचं वाळवण तुडवायचं. अव्वा, आमची आई, म्हणाली, याला कुठंतरी सोडून या.

अण्णा तेव्हा चौदाचा, मी दहाची. तो म्हणाला, पळायची जात हाय, पळवलं न्हाई तर घर फाडणारच. मग रोज शाळेआधी त्याला माळावर दमेपर्यंत पळवायचा आणि दमला की शिकवायचा.

शिकवायचं काय, तर 'बस' म्हटलं की बसायचं आणि 'चल' म्हणेपर्यंत उठायचं न्हाई. आणि ज्यानं बसवलं त्यानंच उठवायचं. दुसऱ्यानं म्हटलेलं चालणार न्हाई. यात अण्णा लई कडक.

याची घरात गंमत व्हायची. अव्वा जेवताना वाढतच राहायची, अप्पा 'बस, बस' म्हणायचे, आणि ओसरीवर हरण्या टुणकन बसायचा. मग अप्पांना हात धुऊन बाहेर येऊन 'चल' म्हणावं लागायचं.

आता नातीच्या सोसायटीत पपींच्या 'सोशलायझेशन'चे क्लास असतात म्हणे. अण्णानं ते देगलूरच्या बाजारात केलं. खिशात भाकरीचे तुकडे घेऊन जायचा आणि दिसेल त्याच्या हातून हरण्याला चारायला लावायचा.

मिरच्यावाली तेलुगू बाई, कानडी घोंगडीवाले, शाळेतले उर्दूचे मास्तर, नाक्यावरचा शिपाई. तेलुगूत 'रा' म्हटलं तरी हरण्या जायचा, कानडीत 'बा' म्हटलं तरी जायचा.

"घाबरलेलं कुत्रं चावतं, बाळे," अण्णा मला सांगायचा. "याला माणसाचं भ्याव नको."

पुढं आम्हालाच माणसांचं भ्याव वाटायला लागलं.

रझाकारांचा जोर वाढला तसे लोक हद्दीपलीकडं निघाले. आम्हीही वऱ्हाडात मावशीकडं निघालो. गावात सांगितलं, लग्नाला चाललोय. सकाळीच बैलगाडी जुंपली. अप्पांनी बजावलं, वेशीबाहेर बंदूकवाले बसलेत, तिथून पुढं जाईस्तोवर कुणी तोंड उघडायचं न्हाई.

हरण्या गाडीमागं मोकळाच चालत होता. त्याला कधी बांधावंच लागलं न्हाई.

वेशीत आलो आणि अण्णाला रडू फुटलं. तोंडावर उपरणं दाबून हुंदके द्यायला लागला. मला समोर बंदुका दिसत होत्या. मी घाबरून त्याचा दंड धरला आणि म्हणाले,

"बस, अण्णा. बस."

अण्णा गप्प झाला.

आणि मागं हरण्या रस्त्यातच बसला.

बाकी कुणाचं लक्ष नव्हतं, मी बघितलं. मला फक्त 'चल' म्हणायचं होतं. पण बंदूकवाले आमच्याकडंच बघत होते, माझी जीभ उचलली न्हाई. थोडं पुढं गेल्यावर ओरडता आलं असतं. तेव्हा वाटलं, अप्पा मारतील. मग वाटलं, येईल की आपणहून.

तो कान टवकारून माझ्याकडं बघत होता. गाडी वळली.

नदीवर बैल पाण्याला सोडले तेव्हा अण्णानं विचारलं, हरण्या कुठंय? मी म्हणाले, मला न्हाई ठाऊक.

तो उलटा धावत सुटला. अप्पांनी धरून आणला. म्हणाले, "तू माघारी दिसलास तर आपल्या सगळ्यांना धरतील."

पोलीस ॲक्शन झाल्यावर गावी परतलो. हरण्या नव्हता. विहिरीवर कुंभाराची म्हातारी मला एकटीला भेटली. म्हणाली, "दिस मावळेस्तोवर तिथंच बसून होतं तुमचं कुत्रं. मास्तरानं भाकरी धरली तरी उठंना." पुढं त्याचं काय झालं ते तिलाही माहीत नव्हतं.

हे मी घरी कुणालाच सांगितलं न्हाई.

अण्णानं आपल्या मनानंच ठरवून टाकलं. म्हणायचा, "मीच त्याला सगळ्यांच्या हातचं खायला शिकवलं. तो सगळ्यांचा झाला, आपला राहिला न्हाई."

पुढं नोकरी, लग्न, पोरं, सगळं झालं. दारात कुत्रं मात्र आलं न्हाई. पोरं मागं लागली की म्हणायचा, मला शिकवता येत न्हाई.

मी शेजारी बसून ऐकायची. मी, शाळेत जन्मभर पोरांना 'खरं बोला' म्हणून दटावणारी बाई.

गेल्या महिन्यात सांगायचंच ठरवून नांदेडला गेले. चांगला शुद्धीत होता. मला बघून हसला, "आलीस का बाळे" म्हणाला. तेवढ्यात त्याची सून चहा घेऊन आली, बीपीच्या गोळ्यांचा विषय निघाला, आणि मी तशीच माघारी आले. इतकी भित्री मी.

आता त्या गाडीतलं माझ्याशिवाय कुणी उरलं न्हाई. मला 'बाळे' म्हणणारंही कुणी न्हाई. घरात सांगायला माणूस न्हाई, म्हणून इथं लिहिलं.

अण्णा, तुझ्या शिकवण्यात काही खोट नव्हती. हरण्या तुझाच होता, म्हणूनच उठला न्हाई.

नीट जा.

माफ कर म्हणत न्हाई. ते तू समोर होतास तेव्हा म्हणायचं होतं.