ट्रॉलीत पुढे ठेवलेले दार

इतरांच्या वतीने मी आयुष्यभर कागद लिहिले. स्वतःच्या वतीने लिहीत आहे तो हा पहिलाच. यातील मजकूर आजवर माझ्या पत्नीलाही ठाऊक नाही. तुम्ही शेजारी बसला आहात असे समजून लिहितो — खरोखर बसला असता तर मला लिहवले नसते.

परतूरला तहसील कचेरीबाहेर माझे टेबल आहे. शिक्षण आठवीपर्यंत, परंतु माझा मसुदा पाहून वकीलही मान डोलावतात, हे नमूद करणे भाग आहे. लोक मला भाऊसाहेब म्हणतात. त्या शब्दाची मला फार गोडी होती — होती कशाला, आहे.

आष्टीला घर बांधले तेव्हा पुढचे दार सागवानी करून घेतले, त्यावर माझे नाव कोरून. ते दार आणि घराची फरशी परतूरहून एकाच खेपेत न्यायची होती. ट्रॅक्टरवर सांडू होता. आमच्याच गावचा, माझ्याहून थोडा वडील. त्याला अक्षर वाचता येत नव्हते. परंतु दोन चाकांची ट्रॉली कशी भरावी, हे त्याला विचारायला शेजारच्या गावांतून माणसे येत.

"भाऊसाहेब, फरशी पुढून भरू द्या," तो म्हणाला. "हुकावर जरा वजन बसलं पाह्यजे. समदं मागं गेलं की ट्रॉलीची दांडी वर उचलते, ट्रॅक्टर मागून हलकं होतं. मंग चढाला चाकं जमीन धरत न्हाईत."

दाराचे काय, असे मी विचारले.

"मागं उभं बांधू की. दारच हाय, नवरी न्हाई!"

मजूर हसले. एवढेच घडले. तुम्हाला हे क्षुल्लक वाटेल — मलाही आज वाटते. त्या वेळी मात्र मी दार पुढे गादीवर आडवे ठेवायला लावले आणि सगळी फरशी मागे. ट्रॅक्टर तुझ्याकडे, माल माझा, असे मी चारचौघांत सुनावले. सांडू दोर दोनदा तपासून गाडीवर बसला.

मी मोटारसायकलवर मागे होतो. गावाअलीकडे पुलाचा चढ आहे. तिथे ट्रॅक्टरची मोठी चाके जागच्या जागी फिरू लागली — त्यांच्याखाली जणू रस्ताच नव्हता. मग सगळे मागे घसरले, दांडी पिळवटली आणि ट्रॅक्टर खड्ड्यात कलंडले. सांडूचा पाय खाली. वर एक चाक फिरतच राहिले. किती वेळ? ते थांबलेले मी पाहिले नाही, आणि म्हणूनच की काय, ते अजून थांबलेले नाही.

फरशी फुटली. दाराला ओरखडासुद्धा नव्हता.

इथवरचे सांगायला मी कचरत होतो, असे तुम्हाला वाटले का? नाही. इथवर मी केवळ हट्टी होतो.

ट्रॅक्टरच्या मालकाने घडले ते लेखी मागितले. दवाखान्यात सांडूच्या खाटेशी बसून ते लिहून घेणारा मीच. तो म्हणाला, "माल मागं भरल्ता, मी नको म्हणल्तो, एवढंच लिहा. तुमचं नाव नका घालू."

माझे नाव नका घालू — हे त्याने मला सांगितले.

मी त्याच्या नावाने लिहिले: फरशी मी माझ्या मर्जीने मागे भरली, मालाच्या धन्याने समजावूनही ऐकले नाही. नंतर त्याला वाचून दाखवले ते त्याचे शब्द. कागदावर होते ते माझे. त्याचा अंगठा मी स्वतःच्या हाताने शाईवर टेकवला. अंगठा गरम होता. अंगात ताप होता त्याच्या.

पाय जुळला, थोडा वाकडा. ट्रॅक्टर चालवता आले असते. परंतु मालकाने कामावरून काढले आणि तो कागद चार जणांना दाखवला. त्यानंतर सांडूच्या हाती कोणी ट्रॅक्टर दिले नाही. तो आता लोकांच्या शेळ्या राखतो. ट्रॉली कशी भरावी, हे त्याला कोणी विचारत नाही.

त्या कागदाची नक्कल मीच त्याला दिली होती. का दिली असेल? नियम आहे म्हणून. ती तो प्लास्टिकच्या पिशवीत घडी घालून छातीशी बाळगतो, दुसऱ्याच्या हातात देत नाही. अधूनमधून बाजाराच्या दिवशी माझ्या टेबलाशी येतो, वाकडा पाय पुढे सोडून बसतो आणि म्हणतो, "खरं लिहून दिलं तरी मालकाला पटलं न्हाई बघा. जरा वाचा बरं परत, भाऊसाहेब."

मागच्या बाजारीही आला होता. मी चष्मा लावला, घडी उलगडली, ओळींवरून बोट फिरवले — आणि त्या कागदावर कधीच नसलेली त्याची ती दोन वाक्ये अडखळल्याशिवाय वाचली. ती मला पाठ आहेत.

सांडूने डोळे मिटून ऐकले आणि मान हलवली.

"बराबर," तो म्हणाला.